गाठ काढायची की पिशवीच?

"सहावर आलं म्हन्ते रक्त तिचं," वहिनीनं भिंतीपलीकडून बातमी टाकली ती अशी, ना शेंडा ना बुडखा. कुणाचं, कधी, कशापायी, हे सगळं यथावकाश येतं. यवतमाळच्या आमच्या वाघापुरात बातमी आधी येते आणि तिचा कर्ता मागाहून.

आमची आवारभिंत छातीइतकी. पलीकडे वहिनी, अलीकडे मी, आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे तिसरं अंगण येऊन मिळतं, तिथे काकू. काकू म्हणजे निवृत्त सिस्टर. नोकरीची बहुतेक वर्षं ऑपरेशन थिएटरात गेली. त्यांना माणसाचं नाव आठवत नाही, त्याचं अपेंडिक्स आठवतं.

"कोनाचं रक्त?" काकूंनी विचारलं.

"माह्या जावेचं. नेरच्या. धाकली नाई का, गोरी. परवा सीतादहीच्या दिवशी वावरातच चक्कर येऊन पडली. पहिलाच वेचा होता. बायांनी उचलून आनली."

"पाळी जास्त जाते?"

"दहा-दहा दिवस. गाठी गाठी पडतात म्हन्ते रक्ताच्या. सोनोग्राफी केली तं पिशवीत तीन गाठी निंघाल्या. मोठी सात सेंटिमीटरची. आता पिशवी काढाची म्हनून राह्यले."

"वय काय तिचं?"

"अडतीस."

काकूंनी तूर निवडायचं सूप बाजूला ठेवलं. त्या सूप खाली ठेवतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"अडतीस, अन् एकदम पिशवी? गाठ काढाची गोष्ट कोनी काढलीच नाई?"

"दोन लेकरं झाली ना वो. आता पिशवीचं काय काम, असं सासूबाई म्हन्तात. दवाखान्यातबी तेच म्हने, काढून टाका, कटकट संपली."

दवाखाना कोणता हेही वहिनीनं सांगितलं, पण ते भिंतीवरच राहू द्यावं. हे वाक्य एका दवाखान्याचं नाहीच. लेकरं झाली की पिशवी म्हणजे रिकामं घर, भाडेकरू गेले, आता पाडलं तरी चालेल, असा हिशेब आपल्याकडे बाईची सासू करते, नवरा करतो आणि रक्त जाऊन जाऊन थकलेली बाई स्वतःही करते. तिला तर कुणीतरी हे थांबवावं एवढंच हवं असतं.

"सासूबाईचंबी चुकत नाई तसं," वहिनी म्हणाली. "त्याईची पिशवी बत्तीसाव्या वर्षीच काढली होती. तवापासून सुटली म्हन्तात मी. पन कंबर मात्र तवापासूनच धरली हाये."

"कंबरेचं मी सांगत नाई, ते कशानंबी धरते," काकू म्हणाल्या. "पन हाडाचं खरं हाये. पिशवीसोबत अंडाशयं काढली तं बाई एका रात्रीत म्हातारी होते. घाम, झोप नाई, हाडं ठिसूळ. अन् अंडाशयं ठेवली तरी पुष्कळ जनींची अंडाशयं काही वर्षं आधीच थकतात. हे कोनी सांगत नाई आधी. सही घेताना तं नाईच नाई."

"पन गाठ म्हंजे कॅन्सर ना शेवटी?"

इथे काकू चिडल्या. त्यांच्या चिडण्याला थिएटरची शिस्त आहे, आवाज वाढत नाही, फक्त शब्द सुटे सुटे होतात. "फायब्रॉइड. म्हंजे. कॅन्सर. नाई." गर्भाशयाचा स्नायू असतो, त्यातच स्नायूच्या पेशींची गाठ वाढते. हजार बायकांच्या गाठी काढल्या तर त्यातली एखाद-दुसरीच वाईट निघते. आणि गाठी असतात किती जणींना! अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पन्नाशीपर्यंत सत्तर ते ऐंशी टक्के बायकांच्या पिशवीत कुठे ना कुठे गाठ दिसली होती. त्यातल्या बऱ्याच जणींना त्या गाठीचा पत्ताच नव्हता. पाळी गेली की बहुतेक गाठी आपोआप आकसतात, कारण त्यांचं खाणंपिणं म्हणजे अंडाशयातली संप्रेरकं. ज्या गाठीचा त्रास नाही तिच्या वाटेला जाऊ नये, हा काकूंचा नियम. जावेच्या गाठीनं मात्र त्रास दिला होता, रक्त सहावर आणलं होतं.

"ते ऊसवाल्या बायांचंबी असंच होतं ना? टीव्हीवर दाखवत होते," वहिनीला आठवलं.

असंच होतं, आणि भयंकर होतं. 2019 साली बीडचं प्रकरण उघडं पडलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहा बायकांमागे एक. देशभराच्या पाहणीत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास येतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि एक दिवस बुडाला तर खाडा, खाड्याला दंड. पाळीत कामावर न जाणं परवडत नाही, म्हणून पाळीच नको. डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली, मुकादमानं उचल दिली, बाई टेबलावर गेली. पुढे तिथे खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्या म्हणून सांगावं लागलं. सुप्रीम कोर्टानंही 2023 मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं, की गरज नसताना गर्भाशय काढणं थांबवायचे नियम लागू करा. ती याचिका 2013 पासून तिथे पडून होती.

"आपल्या इकडे ऊस नाई वो," वहिनी म्हणाली.

"कापूस हाये ना," काकू म्हणाल्या, आणि वहिनी गप्प झाली.

कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते, कमरेला ओटी बांधलेली. ओटीत कापूस साचत जातो तशी ती कंबर खाली ओढते. मजुरी किलोवर. पाळीच्या दिवसांत, सहा हिमोग्लोबिनवर, ती बाई किती किलो वेचणार? महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, सरकारच्याच पाहणीत 54 टक्के. त्यातल्या कितींचं रक्त दर महिन्याला असंच वाहून जातं, ते कुणी मोजत नाही. बाईनं थकायचंच असतं, असं आपण धरून चालतो.

"तिची सिकलसेलची तपासनी केली काय?" काकूंनी मध्येच विचारलं.

"सिकल कायले?"

"इदर्भात राहून इचारते कायले! रक्त कमी दिसलं की आधी सिकल पाहाची. सिकल निंघाली तं लोहाचा इलाज पाहूनच कराचा, अन् भूल देनाऱ्यालेबी आधी सांगाचं. नाई निंघाली, तं सलाईनमधून लोह देऊन रक्त दहाच्या वर न्याचं. जमत नसन तं बाटली चढवाची. सहावर कोनतंच ऑपरेशन करू नये, गाठीचं नाई अन् पिशवीचंबी नाई. रक्तस्राव थांबवाच्या गोळ्या असतात तोवर. पिशवीत बसवाची हार्मोनची कॉइलबी असते, पन गाठ आतल्या पोकळीत घुसली असन तं ती टिकत नाई."

"मंग गाठ काढाची कशी? पोट फाडूनच ना?"

"दुर्बिणीनं."

वहिनीचा चेहरा पडला. "दुर्बिणीनं तं नसबंदी करतात. तिची झाली हाये ना, शिबिरात. अजून म्हन्ते तिथं दुखते."

आता यात वहिनीचा दोष नाही. आपल्या खेड्यातल्या बाईनं दुर्बीण पाहिली ती कुटुंब नियोजनाच्या शिबिरातच. रांगेत झोपवायचं, बेंबीखाली छेद, पाच मिनिटांत पुढची. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ अशाच शिबिरात एका डॉक्टरनं काही तासांत 83 बायकांच्या नसबंद्या उरकल्या आणि त्यातल्या दहाहून जास्त जणी मेल्या. ती बातमी आली तेव्हा आमच्या भिंतीवर कितीतरी दिवस दुर्बीण हा शब्द कुणी चांगल्या अर्थानं काढला नव्हता.

"दुर्बीण तेच, काम येगळं," काकू म्हणाल्या. "हे पाच मिनिटांचं काम नाई. दोन तास धरून चाल. पूर्न भूल. बेंबीतून कॅमेरा जाते, बाजूनं दोन-तीन भोकं, पाच-पाच मिलिमीटरची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हंजे पोटाचं छत वर उचललं जाते अन् आत दिसते. गाठीवर छेद द्याचा. फायब्रॉइडले कवच असते पाह्य, नागपुरी संत्र्यासारखी सुटून येते ते, साल नीट धरली तं. मंग खरं कसब सुरू होते. गाठ निंघाली तिथं खड्डा पडते, तो आतूनच थरावर थर टाक्यांनी शिवाचा. डॉक्टर टीव्हीत पाहून लांब चिमट्यानं शिवते. ते ज्याले जमते त्यानंच करावं."

काकूंना ते शिवणं फार आवडतं. त्याबद्दल बोलताना त्यांचे हात हवेत सुई फिरवत होते. रक्त कमी जावं म्हणून गाठीभोवती आधी इंजेक्शन देतात, टाके हल्ली काटेरी दोऱ्याचे असतात म्हणजे गाठ मारावी लागत नाही, हे सगळं त्या सांगत होत्या आणि वहिनीच्या गॅसवरचं दूध उतू गेलं. ती धावत जाऊन आली तोवर मी माझं पुस्तकी ज्ञान काढलं.

हे सगळं सुरू केलं जर्मनीतल्या कील गावच्या कुर्ट झेम नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं. सत्तरच्या दशकात तो दुर्बिणीतून बायकांची ऑपरेशनं करू लागला. गाठीही काढल्या. 1980 साली त्यानं दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा तर शल्यविशारदांची मंडळी खवळली. त्याला निलंबित करा म्हणाले. त्याआधी सहकाऱ्यांनी त्याच्या मेंदूची तपासणी करवली होती, डोक्यात काही बिघाड आहे का पाहायला! आपल्याकडे मुंबईच्या जेजेमध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया 1972 पासून दुर्बीण वापरत होते, निदानासाठी. तिथेच 1990 मध्ये त्यांनी देशात पहिल्यांदा पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. गरिबांच्या सरकारी दवाखान्यात, पंचतारांकित ठिकाणी नव्हे. पुढे सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

"जेजेचं आमाले माहीत होतं," काकू म्हणाल्या. "आमचे सर म्हनत, मोठ्या भोकाचा मोठा सर्जन हे दिवस गेले."

"पन गाठच काढाची, पिशवी ठेवाची, हे काही दुर्बिणीच्या येळेचं नाई," काकूंनी पुन्हा सूत्र हाती घेतलं. आणि त्यांचं बरोबर होतं. इंग्लंडात व्हिक्टर बॉनी नावाचा मोठा सर्जन होऊन गेला. लग्नानंतर त्याच्या बायकोची पिशवी फायब्रॉइडपायी काढावी लागली. मूल झालंच नाही. त्यानंतर या गृहस्थानं आयुष्यभर गाठ काढून पिशवी राखायचा ध्यास घेतला. एका बाईच्या पिशवीतून त्यानं 225 गाठी काढल्या आणि पिशवी शिवून परत दिली. पोट उघडून, दुर्बिणीशिवाय. इकडे तीन गाठींवर पिशवीचा निकाल लागतो.

"दोनशे पंचवीस!" वहिनी म्हणाली. "मोजल्या कोनी?"

"सिस्टरनं," काकू तत्काळ म्हणाल्या.

मग काकूंनी दुसरी बाजूही मांडली, आणि ती मांडली नसती तर मी त्यांना सिस्टर मानलं नसतं. गाठ कुठे आहे त्यावर सगळं. आतल्या पोकळीत लोंबत असेल तर पोटाला भोकसुद्धा पाडायचं नाही, खालच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून तिथूनच खरवडून काढतात, बाई दुसऱ्या दिवशी घरी. भिंतीत किंवा बाहेरच्या अंगाला असेल तर पोटातून. खूप गाठी, खूप मोठ्या, बेंबीच्या वर गेलेल्या, तर पोट उघडणं हाच शहाणपणा. त्यात हार काही नाही. दुर्बिणीनं सुरू करूनही रक्त आवरत नसेल तर ऐनवेळी उघडावं लागतं, आणि ते सहीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद वाचून घ्यायचा. अगदीच जीवावर आलं तर पिशवी काढू, अशीही ओळ असते त्यात. गाठी काढल्या तरी काही वर्षांनी नवीन येऊ शकतात, पाळी जायला अजून बराच अवकाश असेल तर जास्तच. पुढे मूल हवं असेल तर काही महिने थांबायचं आणि बाळंतपण बहुधा सिझेरियननं. जावेला तो प्रश्न नाही.

"अन् एवढी मोठी गाठ तेवढ्याशा भोकातून निंघते कशी?" वहिनीनं नेमका प्रश्न केला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, कारण हे मी पेपरात वाचून त्यांना सांगितलं होतं. गाठ आतच तुकडे करून काढतात, त्यासाठी फिरत्या पात्याचं यंत्र असतं. अमेरिकेत बोस्टनला अॅमी रीड नावाची एक डॉक्टरच होती, सहा लेकरांची आई. 2013 मध्ये त्याच यंत्रानं तिचं ऑपरेशन झालं आणि साधी समजलेली गाठ कॅन्सरची निघाली. पात्यानं ते तुकडे पोटभर पसरले. ती आणि तिचा नवरा, तोही डॉक्टर, सरकारशी भांडत राहिले. 2014 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्या यंत्राबद्दल जाहीर इशारा दिला, आणि आता गाठ आधी पोटातच पिशवीत भरायची, मग त्या पिशवीच्या आत तुकडे करायचे, असं सांगतात. अॅमी 2017 मध्ये गेली.

"म्हंजे पिशवीतली गाठ पिशवीत टाकून काढाची," वहिनी म्हणाली.

"हाव. अन् डॉक्टरले इचाराचं, बॅग वापरता काय म्हनून. लाजाचं नाई. गाठ लॅबमंधी तपासाले पाठोली काय हेबी इचाराचं."

"डॉक्टरले एवढं इचारलं तं ते बाहेर नाई काढन काय?"

"जो बाहेर काढन त्याच्याकडून आपनच बाहेर याव."

मला काकूंचं हेच वाक्य सगळ्यात पटलं. गावातली बाई दुकानात पातळ घेताना चार थान उलगडून पाहते, दाराशी आलेल्या भाजीवाल्याला वांगं परत करते. तीच बाई दवाखान्यात पाय ठेवला की मुकी होते. गाठच काढता येईल का, दुर्बिणीनं येईल का, तुम्ही स्वतः करता का, वर्षात किती करता, न केलं तर काय होईल. एवढंच तर विचारायचं. आणि उत्तर पटलं नाही तर सोनोग्राफीची फाइल बगलेत मारून दुसरीकडे जायचं. यवतमाळला वसंतराव नाईक सरकारी मेडिकल कॉलेज 1989 पासून आहे. तिथे नाही जमलं तर दीड-दोन तासांवर सावंगी आणि सेवाग्राम, पुढे नागपूर. महात्मा फुले योजनेचं संरक्षण आधी घरामागे दीड लाखाचं होतं, ते पाच लाखांचं झालं. कोणतं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात योजनेत बसतं ते तिथला आरोग्यमित्र सांगतो. तो खुर्चीवर नसला तर चहाच्या टपरीवर असतो.

"पुन्याले तं एका मायनं लेकीले आपली पिशवीच देली म्हनतात," वहिनीनं आपल्याकडची बातमी काढली. ती उगीच पिछाडीवर राहणारी नाही.

खरी आहे ती. 2017 च्या मे महिन्यात पुण्याच्या गॅलक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूनं देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. सोलापूरकडच्या मुलीला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं, आणि आईच्या पोटातून ते काढलं दुर्बिणीनं. दुसरी एक मुलगी गुजरातची, तिलाही आईचंच बसवलं. तिला ऑक्टोबर 2018 मध्ये त्याच पिशवीतून मुलगी झाली.

"म्हंजे ज्या पिशवीतून आपन आलो, त्याच पिशवीतून आपली पोरगी," वहिनी हिशेब लावू लागली. "नातं काय लागन मंग त्या पोरीचं?"

यावर बराच वेळ गेला. मावशी लागेल की मुलगी, बारशाला ओटी कुणाची भरायची, आजीला बाळंतपणाचा डिंकलाडू द्यायचा का. काकूंनी शेवटी "मुलगीच" असा निकाल दिला, पण वहिनीला तो पूर्ण पटला नाही. मग तिनं कामाचा प्रश्न विचारला.

"दुर्बिणीनं केलं तं वेचाले कवा जाईन ते?"

"त्याच दिवशी संध्याकाळी उठून चालन. दोन दिवस खांदा दुखन, तो गॅसनं दुखते, भ्याचं नाई. पोटातल्या गॅसचं दुखनं खांद्यात निंघते. आठ-पंधरा दिवसांत घरचं काम. पोट उघडलं असतं तं दीड महिना. पन ओटी बांधून वेचनं, घागर, भारा, हे महिना-दीड महिना दोन्हीत नाईच. आत टाके हायेत."

"म्हंजे हंगाम गेलाच."

"रक्त भरून याले महिना जाईन, मंग ऑपरेशन, मंग आराम. हंगाम गेला. पुढचे हंगाम मोज ना."

वहिनीनं तिथेच फोन लावला. स्पीकरवर, कारण आमच्या भिंतीवर खासगी काही नसतं. नेरला जावेनं उचलला. मागे बकरी ओरडत होती आणि सासूबाई बकरीवर.

"अवो आयक. सोमवारी ये इकडे, पह्यल्या यस्टीनं. सोनोग्राफीची फाइल आन, फिल्मबी आन. रेशनकार्ड, आधारकार्ड. मेडिकलले जाऊ, काकू येतात संगं. पिशवीची सही कोठीसा करू नको तोवर. आता सासूबाईले काय सांगशीन?... सांग, वैनीच्या भाचीचं साक्षगंध हाये."

"भाचीचं?" काकू भिंतीवरून अर्ध्या पलीकडे वाकल्या. "तुही भाची सातवीत हाये वो! दुसरी कोनती तरी पाह्य."

"मंग तुमच्या नातीचं सांगू?"

"माह्या नातीचं सांग. पन सासूबाई म्हनन मीबी येतो, तं पातळ तूच घेजो त्याईले."